नऊ तारखेची चौकट

भाईजानचा आवाज इतका मऊ, की त्यानं नकार दिला तरी माणूस दोन पायऱ्या उतरून गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं, अरे, आपल्याला नाही म्हणाला. स्टीलच्या कपाटांचं दुकान त्यानं याच आवाजावर उभं केलं होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वस्तीतल्या सभागृहात तो व्याख्यान द्यायचा, तेही याच आवाजावर. या खेपेचा विषय होता, इस्लाममध्ये स्त्रीचा दर्जा. त्यासाठी त्यानं धाकटीला फोन करून बोलावून घेतलं होतं.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. वय चव्वेचाळीस, निम्मे केस पांढरे, पण अम्मीनं एकदा धाकटी म्हटलं ते म्हटलंच. दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. आठ महिने पुस्तकांची, चार महिने कॅलेंडरांची. भिंतीवरच्या कॅलेंडरात मोठ्या तारखेखाली कोपऱ्यात चांदाची तारीख छापलेली असते, मुंगीएवढी. ती बरोबर पडली आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून बघणं हे तिचं काम. ते बघता बघता चष्म्याचा नंबर वाढत गेला होता, आणि अम्मी म्हणायची, जगाच्या तारखा सांभाळतेस, पण माझ्याकडे यायची तारीख तेवढी तुला सापडत नाही.

अम्मी जाऊन सहा आठवडे झाले होते.

फोनवर भाईजान म्हणाला होता, तू वाचलेली, चार पुस्तकं कोळून प्यायलेली. मी पुरुषांच्या बाजूला बोलेन, तू बायकांच्या बाजूला दहा मिनिटं अम्मीबद्दल बोल, ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी येईल असं. शिवाय अम्मीची खोलीही रिकामी करायची होती. भाभीला ती मुलाच्या अभ्यासाला हवी होती. धाकटी शनिवारी सकाळीच आली, पदर खोचला आणि खोलीत शिरली.

खोलीत अत्तर होतं. सहा आठवडे खिडक्या उघड्या होत्या, गादी टाकून दिली होती, फरशी तीनदा औषधानं पुसली होती, तरी भिंतींनी ते धरून ठेवलं होतं. गुलाबाचं, दाट, घशाला चिकटणारं. ते नाकात गेल्याबरोबर धाकटी खिडकीशी गेली. अत्तराच्या खाली काय होतं ते तिला ठाऊक होतं.

अब्बा मार्चच्या तीन तारखेला गेले, आणि त्याच संध्याकाळी अम्मी इद्दतीत बसली. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, अत्तर लावायचं नाही, दुसऱ्या लग्नाचा विषय काढायचा नाही. एकाहत्तर वर्षांच्या, साखरेनं पोखरलेल्या, गुडघ्यांना पट्टे बांधून फिरणाऱ्या बाईच्या दुसऱ्या लग्नाची धास्ती कुणाला होती कोण जाणे. पण अम्मीला त्या दिवसांचं ओझं वाटत नव्हतं. पन्नास वर्षं ज्याच्या हाताखाली काढली त्याच्यासाठी चार महिने काय मोठे, म्हणायची. भाईजाननं भिंतीवरच्या कॅलेंडरात तेरा जुलैभोवती लाल गोल काढून दिला. ते कॅलेंडर धाकटीच्याच छापखान्याचं, तिनंच नव्या वर्षाला पाठवलेलं.

तिसऱ्या महिन्यात चपलेचा अंगठा लागून अम्मीच्या पायाला फोड आला. फोडाची जखम झाली, जखम काळी पडली. भाभी रोज धुऊन पट्टी बांधायची. डॉक्टरनं फोनवरून सांगितलं, आणून दाखवा. भाईजान म्हणाला, दिवस पुरे होऊ देत. धाकटीनं तिकडून फोनवर सांगून पाहिलं, की उपचारासाठी दिवसा बाहेर पडता येतं, तुझ्याच कपाटातल्या पुस्तकात लिहिलंय, रात्री घरी परत आणायचं, बस. त्यावर त्याचा तो मऊ आवाज आला. परवानगी वेगळी, धाकटे, आणि उत्तम वेगळं.

अम्मीनं उत्तम निवडलं. निवडलं म्हणजे काय, शेजारच्या खोलीतून मुलगा रोज उत्तमाचं गुणगान करत असेल तर कुठली आई परवानगीला हात पसरेल? धाकटीनंही पुढे तोंड उघडलं नाही. आईचा मामला, भावाचं घर, आपण पाहुणी, असं मनाला सांगत तिनं महिनाभर फोनवर फक्त जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारलं.

जुलैच्या आठ तारखेला ती आली तेव्हा जिन्यातच वास आला. आधी गुलाब, मग त्याच्या पोटातून दुसरा, कुजलेल्या पाण्यासारखा. भाईजान सकाळ-संध्याकाळ खोलीत अत्तर शिंपडायचा. पहिल्या दिवशी अम्मीनं हात वर केला होता म्हणे. अरे, इद्दतीत मला अत्तर चालत नाही. तो म्हणाला, तुम्हाला नाही अम्मी, खोलीला लावतोय. हे त्यानं धाकटीला हसत सांगितलं होतं. अम्मी किती नियमाची होती, बघ.

दहा तारखेला हॉस्पिटलातून फोन आला, की डॉक्टरनं सांगून ठेवलेली खाट रिकामी झाली आहे, आजच आणा. भाईजान म्हणाला, चौदाला सकाळी पहिलं काम तेच. अम्मीला ताप होता. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं तिच्या कपाळावरची ओली घडी बदलली आणि म्हणाली, चारच दिवस, अम्मी.

बारा तारखेला दुपारी अम्मी गेली.

आता शनिवारी दुपारी धाकटीनं कपाट आवरलं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या गोळा केल्या, आणि शेवटी खुर्चीवर चढून कॅलेंडर उतरवलं. उतरवता उतरवता सवयीनं बोट छोट्या आकड्यांवर गेलं. छापखान्यात वीस वर्षं ती असंच करत आली होती. मोठी तारीख डोळ्यांनी वाचायची, छोटी बोटानं. लाल गोलातल्या तेराखाली चौदा होते. बोट मागे सरकलं. बाराखाली तेरा. दहाखाली अकरा. नऊखाली दहा.

ती खुर्चीवर तशीच उभी राहिली. मग मार्चचं पान काढलं. तीन मार्चच्या संध्याकाळी चांद दिसला होता. चारखाली बारीक एक छापला होता. तिथून चार चांद एकोणतीस जूनला पुरे, तीसखाली पुन्हा एक. वर दहा दिवस. नऊ जुलै, सूर्य बुडताना.

दिवस चांदावर मोजायचे असतात. हे या घरातल्या पोरासोरांना माहीत होतं. रोजे चांदावर, ईद चांदावर. आणि आईचे दिवस मोजताना भाईजाननं दुकानातल्या हप्त्यांसारखे मोठे आकडे धरले. मार्चची तीन, जुलैची तीन, अधिक दहा. खाट रिकामी झाल्याचा फोन आला तेव्हा अम्मी मोकळी होती. त्याच्या त्या उत्तमाच्या हिशेबानंही मोकळी होती. आणि धाकटी, जिची भाकरी याच मुंगीएवढ्या आकड्यांवर चालत होती, ती चार दिवस या कॅलेंडरखाली बसून आईचा पाय चेपत होती.

तिनं न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशातल्या बाईकडे तिला बघवेना.

जेवायला बसल्यावर भाईजाननं भाषणाचे कागद तिच्यापुढे सरकवले. जरा नजर फिरव, म्हणाला, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. चौथ्या पानावर अम्मी होती. माझ्या आईनं पाय सडू दिला, प्राण जाऊ दिला, पण उंबरठा ओलांडला नाही. ही आपल्या स्त्रियांची शान. धाकटीनं दोनदा वाचलं. पानातून गुलाबाचा वास येत होता, त्याच्या बोटांचा.

"भाईजान, अब्बा गेले त्या संध्याकाळी चांद दिसला होता ना?"

"हो तर. मी स्वतः बघितला, हॉस्पिटलच्या जिन्यातून. का गं?"

"मग अम्मीचे दिवस नऊ तारखेलाच पुरे झाले होते. तू मोठ्या आकड्यांवर मोजलेस."

त्याचा घास हातातच राहिला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला, तस्बीहचे मणी मोजतो तसा. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत एका पेरावर अंगठा थांबला आणि तिथंच दाबून राहिला. त्या क्षणी तो रडला असता, ताट ढकललं असतं, तिला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर धाकटीनं उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. ती वाट बघत होती. त्यानं घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"कॅलेंडर अंदाजानं छापतात," तो म्हणाला.

"अंदाज एका दिवसाचा चुकतो. चार दिवसांचा नाही. आणि याच कॅलेंडरावरून तू रोज्यांचं जाहीर करतोस."

"नियत बघितली जाते, धाकटे, आकडे नाही. चार दिवस जास्त पाळले, तेवढं पुण्य जास्त. आणि तिची वेळ लिहिलेली होती, ती काय खाटेवर टळणार होती?" मग पाणी प्यायला आणि आवाज आणखी खाली आणला. "उद्या हे काढू नकोस. लोक म्हणतील, यानं आणखी काय काय चुकीचं मोजलं."

म्हणजे त्याला पोचलं होतं सगळं. मेलेली आई पोचली नव्हती, उद्याची सभा पोचली होती. बोट पानावरून काढताना धाकटीला ते धुवावंसं वाटलं.

संध्याकाळी भांडी विसळताना भाभीनं मागे वळून न बघता सांगितलं, की मार्चमध्येच तिनं विचारलं होतं, चांदावर मोजायचे ना? तर म्हणाले, तुला काय कळतं. मग मी तोंडात गुळणी धरली, भाभी म्हणाली. आणि नळ बंद करून, "अजून माझ्या ओढणीला येतो तो वास. चार वेळा उकळली." धाकटीनं तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसायला लागली. दोघींना एकमेकींकडे बघायची हिंमत नव्हती.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. मध्ये जाड भिंत. पलीकडे पुरुष, पंखे आणि माइक, अलीकडे बायका, पोरं आणि भिंतीवर उंच टांगलेला एक स्पीकर. अलीकडून पलीकडे आवाज न्यायची सोय नव्हती आणि ती नसणं हीच सोय होती. बाई बोलणार ती बायकांपुढे, बसल्या बसल्या, दार लोटून.

स्पीकरातून भाईजान सुरू झाला. बाईला वारसा दिला, निकाहात होकाराचा हक्क दिला, मेहरची रक्कम दिली, नवऱ्यापासून सुटायची वाट दिली, चौदाशे वर्षांपूर्वी दिली, जग तेव्हा झोपलं होतं. धाकटी ऐकत होती. यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि तेच तिला जास्त बोचत होतं. अम्मीच्या वडिलांची जमीन तिन्ही मामांनी वाटून घेतली तेव्हा अम्मीचा हिस्सा तिनं खुशीनं सोडला असं लिहून घेतलं होतं. ती खुशी धाकटीनं पाहिली होती. अम्मी दोन दिवस जेवली नव्हती.

तिच्या शेजारी शिवणवाल्या खाला बसल्या होत्या, निम्म्या वस्तीचे कपडे शिवणाऱ्या, गळ्यात अजून मापाची पट्टी. त्या भिंतीकडे बघत पुटपुटल्या, "चौदाशे वर्षांपूर्वी हक्क पाठवलेत म्हणतो. टपाल अजून वाटेत असेल."

आजूबाजूच्या तीन-चारजणींनी ओढणीत तोंड लपवलं.

मग चौथं पान आलं. माझ्या आईनं पाय सडू दिला. पलीकडून सुभानअल्लाहचा घोष उठला. भाईजान क्षणभर थांबला, हुंदक्याएवढा, आणि पुढे गेला. आता तिकडे आमची बहीण दोन शब्द बोलेल, इकडे आपण प्रश्नोत्तरं घेऊ.

शिवणवाल्या खाला उठल्या आणि त्यांनी दाराजवळचं बटण दाबून स्पीकर बंद केला. एकदम इतकी शांतता झाली की एका पोराचं दूध ओढणं ऐकू आलं.

धाकटीनं पिशवीतून कॅलेंडरची दोन पानं काढली आणि मांडीवर पसरली. रडवायचं असं काही ती बोलली नाही. मुद्रितातली चूक दाखवावी तसं तिनं बोट ठेवून दाखवलं. हा चांद, हे चार महिने, हे दहा दिवस, ही नऊ तारीख. हा लाल गोल. दहाला खाट मिळाली होती. बाराला ती गेली. आणि खाटेसाठी दिवस संपायची वाटही बघायची नव्हती, आजारी बाईला दिवसा नेता येतं, हे मला माहीत होतं आणि मी एकदा सांगून गप्प बसले. शेवटी मीच तिला म्हटलं, चारच दिवस.

कुणी हुंदका दिला नाही. पुढच्या रांगेतल्या दोन-तीनजणी वाकून छोटे आकडे वाचायचा प्रयत्न करत होत्या. मागून एक वयस्क बाई म्हणाली, गेलेल्या बाईचं गेलं, आता भावाची अब्रू चव्हाट्यावर कशाला आणतेस? बहिणीला शोभतं का हे?

"शोभत नाही," धाकटी म्हणाली. "पण तुमच्या घरात कुणी बसली असेल तर तिचे दिवस नीट मोजा. आणि दुखत असेल तर मोजूही नका, उचलून न्या."

भाभी भिंतीला टेकून बसली होती. ती न विचारता बोलली, कोरड्या आवाजात. "पट्टी मी बांधत होते. ती म्हणतेय ते खरं आहे."

मग शिवणवाल्या खाला गळ्यातली मापाची पट्टी बोटांना गुंडाळत हळूच विचारू लागल्या. त्यांची बहीण इद्दतीत होती, अजून सत्तेचाळीस दिवस होते. आठवड्यापासून दाढ सुजलेली, आता सूज डोळ्यापर्यंत चढली होती, तोंड उघडत नव्हतं, ताप होता. गेल्या शुक्रवारी त्या भाईजानकडे जाऊन आल्या होत्या. त्यानं दुआ लिहून दिली होती आणि म्हणाला होता, परवानगी आहे, पण उत्तम काय ते तुम्ही बघा.

"आज नेलं तर चालेल?"

धाकटीनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून पिवळं झालं नव्हतं. "आत्ता नेलं तर चालेल. अंधार पडायच्या आत परत आणू. नाही जमलं तर ती आजारी आहे, एवढं वर कळत असेल."

चौघी उठल्या: खाला, धाकटी, भाभी आणि मागची ती वयस्क बाई, जिच्या तोंडाचा पट्टा अजून चालूच होता, की हे बरोबर नाही, हे बरोबर नाही, पण चपला ती पायात सरकवत होती. दारातून निघताना भाभीनं बटण पुन्हा दाबलं. पलीकडून कुणी डोकावलं तर शंका नको यायला, म्हणाली. रिकाम्या होत चाललेल्या खोलीत भाईजानचा आवाज पुन्हा पसरला; कुणाच्या तरी प्रश्नाला तो उत्तर देत होता, की आईच्या पायाखाली जन्नत असते.

खालांची बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. जिना अरुंद, वर एकच खोली. खालांनी कडी काढली, दार आत लोटलं, आणि धाकटीचे पाय उंबऱ्यातच थबकले.

आधी गुलाब आला. दाट, घशाला चिकटणारा. मग त्याच्या पोटातून दुसरा.

कोनाड्यात छोटी बाटली होती. खाला ओशाळून म्हणाल्या, दुआबरोबर भाईजाननीच दिली, खोलीत शिंपडा म्हणाले. भाभीनं ती उचलली, खिडकीशी गेली आणि बाहेरच्या गटारात पालथी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती बाटली झटकत राहिली.

खाटेवर पस्तिशीतली एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. इतक्या जणी बघून तिनं सुजलेला गाल ओढणीनं झाकला आणि बोटांनी खुणा करू लागली. चार बोटं, मग सात. अजून एवढे.

धाकटी खाली वाकली. तोंडातून श्वास घेत खाटेखाली, कपाटाच्या आडोशाला, दारामागे शोधू लागली.

"हिच्या चपला कुठे ठेवल्यात?" तिनं विचारलं.